डाळिंबाची तपासणी

शेळगावला मी सून म्हणून आले, त्याच्या आदल्या वर्षी सासऱ्यांनी सरकारी योजनेतून डाळिंब लावलं होतं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. पहिल्या वर्षीचं अनुदान मिळालं. पुढचा हप्ता झाडं जगली तरच. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला आणि वरच्या अंगाची बरीच रोपं वाळून गेली. नेमका तेव्हाच निरोप आला, सोमवारी कृषी खात्याचे साहेब तपासणीला येणार.

त्याच सोमवारी बारामतीत माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पण आबांना कमी ऐकू यायचं आणि नवरा एसटीत कंडक्टर, ड्युटीवर. साहेबांशी बोलायला मीच.

"सायेब गेलं की दुपारच्या गाडीनं जा," आबा म्हणाले.

शेजारच्या तात्यांनी त्यांना एक युक्ती सांगितली होती. रविवारी संध्याकाळी आबांनी चांगल्या झाडांच्या फांद्या छाटून मेलेल्या रोपांच्या आळ्यांत खोचल्या. लांबून बाग भरलेली दिसायला लागली. मला ते बरं वाटलं नाही, पण नवी सून, काय बोलणार?

सोमवारी साहेब आले नाहीत. मंगळवारीही नाही. फटफटीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बांधावर जायची. आईच्या डोळ्यात औषध कोण घालत असेल? स्वयंपाकात लक्ष लागेना, भाकरी करपायच्या. खोचलेल्या फांद्या दुपारपर्यंत माना टाकायच्या. आबा रोज सकाळी त्या उपटून ताज्या खोचायचे.

गुरुवारी मी चहा घेऊन शेतात गेले. हंड्यानं पाणी घालून जगवलेली झाडं पार बोडकी झाली होती, आणि एका झाडाची उरलीसुरली फांदी धरून आबा उभे होते.

मी त्यांच्या हातातला कोयता काढून घेतला. त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, मेल्याली झाडं झाकायला जिती मारताय तुमी."

ते बांधावर बसले. चहा निवून गेला. मग म्हणाले, "व्हय. पर सायबाला काय सांगायचं?"

"हाय तेच. मी सांगते."

दोघांनी मिळून सगळ्या खोचलेल्या फांद्या उपटल्या.

शुक्रवारी साहेब आले. "ही झाडं अशी का छाटली?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"हप्ता आत्ता नाही देता येणार. पावसाळ्यात नांग्या भरा, मेलेल्या जागी नवी रोपं लावा. मी परत येईन."

मी ते आबांना मोठ्यानं सांगितलं.

"परत कवा?" आबांनी विचारलं. "बघू," म्हणत साहेबांनी फटफटीला किक मारली.

दुपारच्या गाडीनं मी पणदऱ्याला माहेरी गेले. आई घरी आली होती, काळा चष्मा लावून ओट्यावर बसली होती. "आता सुचलं व्हय यायला?" म्हणाली, आणि हात धरून जवळ बसवलं.

पावसाळ्यात आम्ही नांग्या भरल्या. साहेब हिवाळ्यात आले, आणि हप्ता मंजूर झाला. बोडकी केलेली झाडं सावरली, पण त्यांना फळ फार उशिरा धरलं. तोवर आबा दिवसातून दहादा बागेत चक्कर मारायचे. घरात त्यांचा पाय ठरत नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही.