टेकडीवरचा एक चौकोन

धायरीत टेकड्यांवर पूर्वीचं गवत आणि झाडोरा परत आणायचं काम करणारी एक संस्था आहे. मी तिथे झाडलोट करते, चहा करते. त्यांच्या कॉम्प्युटरवर टेकडीचे चौकोन पाडलेले आहेत. कुठे कोणतं गवत उरलंय, पाणी कुठून वाहतं, माणसं कुठे फिरतात, हे भरलं की कोणते चौकोन राखायचे ते कॉम्प्युटर निवडतो. जिथे माणसांची ये-जा नाही ते राखायला सोपे, म्हणून ते आधी निवडतो. हे मला नंतर कळलं.

उन्हाळ्यात तिथल्या ताईंनी विचारलं, "काकू, तुम्ही टेकडीखालीच राहता ना? ओढ्याच्या वर, त्या मोठ्या खडकापाशी कोणी जातं का?"

मी म्हटलं, "नाही, कोणी नाही."

खोटं नव्हतं. तिथे फक्त मी जाते, दर रविवारी. खोलीत भिंतीला भिंत लागून शेजार आहे, एकटीने बोलायची लाज वाटते. खडकावर बसून मी आमच्या वऱ्हाडी बोलीत मोठ्याने बोलते. हे गेल्यापासून ती बोली माझ्याशी बोलणारं पुण्यात कोणी राहिलं नाही. स्वतःला मोजायचं त्या वेळी सुचलंच नाही.

पंधरा दिवसांनी चहा द्यायला गेले तर पडद्यावर तो चौकोन हिरवा झालेला, म्हणजे राखायला निवडलेला. तिथे तारेचं कुंपण घालणार होते. कप ठेवता ठेवता मी म्हटलं, "ताई, तिथे मी जाते."

शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, "वा. तार आल्यावर सांगताय."

ताईंनी त्या चौकोनात एक माणूस भरला आणि कॉम्प्युटरला पुन्हा निवडायला लावलं. चौकोन हिरवाच राहिला.

"एका माणसाने फरक पडत नाही हो, काकू. तिथलं गवत फार चांगलं आहे."

"मोर्चा आणायला हवा होता," सर म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मला म्हणाल्या, "फाटक ठेवतोय. किल्ली माझ्याकडे असेल, शनिवारी मागून न्या."

कशाला हवी असं विचारलं तर काय सांगायचं?

कुंपण झालं, पावसाळाही गेला. गेल्या रविवारी जाऊन आले. आत गवत खरंच कमरेएवढं झालंय. मी तारेच्या अलीकडे बसले. तिथून लोकांची पायवाट जाते, म्हणून गप्पच बसले. किल्ली अजून मागितलेली नाही.