डोंगर सपाट करणारा माणूस

आमचा जिल्हा नकाशावर तळहाताएवढा दिसतो. इस्त्री फिरवून त्याच्या घड्या मोडल्या, तर शेजारचे दोन जिल्हे सहज झाकले जातील. सपाटीवरचे साहेब इथे बदलून येतात, भिंतीवरचा नकाशा बघतात आणि म्हणतात, हे काय, जवळच तर आहे. संध्याकाळी गुडघे धरून बसतात.

या घड्यांमध्ये ज्याची हयात गेली त्या माणसाला सगळे साखळीकाका म्हणतात. मोजणी खात्यात एकोणचाळीस वर्षं त्यांनी साखळी धरली. तीस मीटरची पोलादी साखळी, दहा सळया आणि एक ओळंबा, एवढाच संसार. चढ असो की उतार, साखळी हवेत ताणून आडवी धरायची, पाण्यासारखी समपातळीत, आणि ओळंबा सोडून खाली खूण करायची. नकाशाला आडवंच अंतर लागतं. हातभरही चूक त्यांच्या कामात कधी निघाली नाही. निवृत्तीनंतरही घरातली कपड्यांची दोरी ते पाणसळ लावून बांधतात. काकू म्हणतात, "स्वतः कधी सरळ चालले नाहीत, निघाले डोंगर सरळ करायला."

मागच्या वर्षी वरच्या वस्तीत चिठ्ठी आली. शाळेत मुलं एकोणीसच, आणि खालची शाळा तीन किलोमीटरच्या आत. म्हणून वरची बंद. काकांची नात त्या एकोणिसांतली. सहा वर्षांची, पाय काडीसारखे. रोज ओढ्यात उतरायचं, पलीकडची धार चढायची, आणि संध्याकाळी तेच उलटं.

माझं डोकं फिरलं. मी वस्तीतल्या बायामाणसांना घेऊन शिक्षण कार्यालयात घुसलो. टेबलामागच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या की नकाशावर अंतर दोन किलोमीटर आठशे दहा मीटर आहे, नियम नियम आहे. नकाशा खोटा आहे, असं मी ओरडलो. तेवढ्यात मागून काकांनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं. तो नकाशा ज्या मोजणीवर उभा होता, तिची साखळी त्यांनीच धरली होती, हे मला तेव्हा कळलं.

"आकडा माझा आहे, आणि बरोबर आहे," काका मॅडमना म्हणाले. "पण तो कागदासाठी काढलाय. पोरं कागदावरून चालत नाहीत."

मॅडमनी विचारलं, पायवाटेचा आकडा मग कुठे आहे?

"कुणी मागितलाच नाही."

त्या बाईंचं मला कौतुक वाटलं, आणि सरकारी माणसाचं कौतुक मी उगाच करत नाही. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि सांगितलं की गुरुवारी या, मोजा, मी सोबत चालते. तीन किलोमीटर भरले तर शाळा राहील, एक मीटर कमी पडला तरी जाईल.

गुरुवारी वरच्या शाळेच्या उंबरठ्यापासून सुरुवात झाली. पुढचं टोक काकांच्या हाती, मागचं मॅडमच्या. दर साखळीला एक सळई, दहा सळया झाल्या की काकूंच्या हातातल्या दोरीला एक गाठ. काकांनी जन्मात पहिल्यांदा साखळी जमिनीवर टेकवली, वाटेच्या उतारावर, दगडांवरून. चेहरा असा, जणू कुणी त्यांना भर बाजारात अनवाणी चालायला लावलंय.

ओढ्यात उतरल्यावर मी हळूच सुचवलं, काका, इथे जरा ढिली सोडा. दर साखळीला वीतभर ढील, आकडा आपोआप वाढेल, कुणाला कळतंय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ढिली साखळी म्हणजे खोटी साक्ष. तू मोर्चे काढ, मला मोजू दे."

नातीच्या शाळेपेक्षा साखळीचा ताण मोठा वाटतो या म्हाताऱ्याला, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना चार शिव्या घातल्या. धारेवर पोचलो तेव्हा मॅडमच्या चपलेचा पट्टा तुटला होता, आणि नियम नियम आहे हे वाक्य बराच वेळ ऐकू आलं नव्हतं. काकूंनी तो पट्टा चिंधीने बांधून दिला आणि विचारलं की नकाशात ही धार कुठे असते हो?

नऊ गाठी झाल्या. खालच्या शाळेचं छप्पर दिसू लागलं. छप्पर फारच जवळ वाटत होतं. काका मात्र त्याच चालीने पुढे, ताण, टेक, सळई. काकूंनी दहावी गाठ मारली तेव्हा सगळे थांबलो. तीन किलोमीटर पुरे झाले होते, आणि शाळेचा उंबरठा अजून शंभर-सव्वाशे पावलं पुढे होता.

मी ओरडणार होतो. काका म्हणाले, काम संपलेलं नाही, टोक धरा. आणखी तीन सळया लागल्या. तीन हजार नव्वद मीटर. मॅडमनी तिथेच उंबरठ्यावर बसून चिठ्ठीवर आकडा लिहिला, खाली लिहिलं, वरची शाळा चालू ठेवावी, आणि सही केली. वरचा जुना आकडा त्या खोडायला निघाल्या, तर काकांनी हात आडवा घातला. तोही बरोबर आहे, म्हणाले, दोन्ही राहू द्या.

परतीला काकूंनी वर बघत उसासा टाकला. आता पुन्हा एकशे तीन साखळ्या.

"वर जाताना जास्त भरतात," काका साखळी गुंडाळत म्हणाले. "फक्त ते मोजायचं साधन अजून निघालं नाही."