मेथीच्या जुडीवर शिकलेली इटालियन

बी.कॉम. झालो तेव्हा गिरीज गावातल्या आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. अंधेरीच्या एका कंपनीत जागा निघाली. कंपनी इटलीहून यंत्रं मागवायची आणि तिकडच्या लोकांशी फोनवर बोलायला तिला माणूस हवा होता. मुलाखतीत इटालियन उतारा मोठ्याने वाचायचा होता. ती नोकरी मला हवीच होती.

रोमला शिकून आलेले एक वयस्कर फादर आमच्या चर्चमध्ये होते. त्यांनी मला शिकवायचं मान्य केलं, हे उपकार मी विसरलेलो नाही. पहिल्या दिवशी माझं वाचन ऐकून ते म्हणाले, "तुझी अक्षरं कम्युनियनचा प्रसाद घ्यायला रांगेत निघाल्यासारखी एका चालीने चाललीत. एकाला तरी पुढे ढकल, बाबा."

शब्दाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यावर जोर द्यायचा. बहुतेकदा तो शेवटून दुसऱ्यावर येतो: पा-रो-ला, जोर 'रो'वर. पण यंत्राला म्हणतात माक्-कि-ना, तिथे जोर पहिल्यावरच. मला काही केल्या ते जमेना.

संध्याकाळी आई आणि मी बाजाराच्या मेथीच्या जुड्या बांधायचो. बांधता बांधता मी शब्द म्हणू लागलो. एका तुकड्याला केळीच्या सोपाच्या, म्हणजे सालीच्या दोऱ्याचा एक वेढा, आणि जोर आला की दोरा आवळायचा.

"ही जुडी आहे की उपाशी नवरी?" आईने विचारलं. "कंबर बघ तिची."

"आई, जोर तिथेच आहे."

"जोर तुझ्या साहेबाला दाखव. मोडकी मेथी कोण घेणार?"

पण दोन-चार दिवसांनी तीच विचारू लागली, "हा शब्द कुठे आवळायचा रे?"

मुलाखतीत पहिल्या दोन ओळी पुन्हा रांगेतच गेल्या. साहेब घड्याळाकडे बघू लागले. मी हात टेबलाखाली नेले आणि बोटांनी हवेतच बांधायला सुरुवात केली. शब्द नीट पडू लागले. साहेबांनी वाकून पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"मेथी बांधतोय, सर."

ते मनापासून हसले. "बांधा, बांधा. उतारा पुरा करा."

नोकरी लागली. मी बांधलेली एक जुडी घेऊन फादरांकडे गेलो आणि दोरा कुठे आवळायचो ते सांगितलं. त्यांनी ती हातात फिरवली, चेपलेल्या देठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "जोर बरोबर पडलाय."