बरा असलेल्या माणसाची झोळी

माझ्या धाकट्या भावाला आजारपणात एक खूळ लागलं. सुरतेला त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, मग कितीतरी महिने घरी पडून राहायचं. पडल्यापडल्या तो मोबाइलवर काय पाहायचा, तर जंगलात दोन झाडांना झोळी बांधून झोपणारी माणसं. पाहता पाहता त्याने तसली झोळी मागवलीच. तो तिला हॅमॉक म्हणायचा. आईने ती ओट्यावर उलटीपालटी करून पाहिली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "घरमा खाटला शे ना रे, मंग सोताले झाडले कसाले टांगस?"

मी दिवाळीला माहेरी आले तेव्हा हे खूळ भरात होतं. आमच्या ब्राह्मणपुरी गावात शेतात झोळी बांधायची सोय नाही, कारण उसात बिबट्या. मग जनावरांपासून लांब जायचं म्हणून हा गृहस्थ कुठे निघाला, तर सातपुड्याच्या जंगलात. यात काय तर्क आहे असं मी विचारलं. त्याने नीट समजावून सांगितलं, आणि मला तो अजूनही कळलेला नाही.

भावजयीने मला चुलीपाशी गाठलं. पोट पुन्हा दुखायला लागलं तर एक दिवसही घालवू नका, सरळ घेऊन या, असं सुरतेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हा कोणी काही विचारलं की एकच बोलायचा, मी बरा शे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही संगे जा अन देखा, खरंच बरा शेतस का ते. मले त काहीच सांगतस नही."

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते, त्याला अजून मनाई होती. मी नंदुरबारला शाळेत शिकवते. पोरांचं खोटं चेहऱ्यावरून ओळखते, असा माझा समज होता. दर वळणावर मी त्याच्याकडे पाहायची आणि विचारायची, "बरा शे ना रे?" तो म्हणायचा, "बरा शे." चेहरा तर बऱ्या माणसासारखाच होता. आता बऱ्या माणसाचा चेहरा नेमका कसा असतो, हे विचारू नका. त्या दिवशी मला ते ठरवता आलं नाही.

काठी गावाच्या रस्त्याला एका चढाशी गाडी लावली. वर दोन दणकट झाडं त्याला पसंत पडली. मी घरून मिरची झाकायची जाड ताडपत्री आणली होती. ती त्याने गाडीतच ठेवायला लावली आणि स्वतःची रुमालासारखी पातळ ताडपत्री बाहेर काढली. आधी ताडपत्री, मग झोळी, असा त्याचा नियम. दोन्ही झाडांमध्ये एक दोरी ताणायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची, आणि चारी कोपरे दोऱ्यांनी ओढून खुंट्यांना बांधायचे. ऐकायला सोपं आहे. मी एक कोपरा ओढला की समोरचा लोंबायचा, तो ओढला की सगळी ताडपत्री एका अंगाला जायची. वारा कुठून येतो यावर आमचं भांडण झालं, आणि वारा तर मुळीच नव्हता. मग झोळीच्या दोन्ही टोकांना त्याने एकेक सुतळी लोंबती बांधली. दोरीवरून ओघळणारं दव सुतळीने खाली गळतं, आत येत नाही म्हणे. दोरीला रॉकेलची चिंधी गुंडाळली, ती मुंग्यांसाठी.

खुंट्या मात्र सगळ्या मी ठोकल्या. तो वाकला नाही. पोट दुखतं म्हणून वाकला नाही, की थोरली बहीण फुकटात राबतेय म्हणून वाकला नाही? लहानपणापासून हा असाच कामचुकार, त्यामुळे काही समजायला मार्ग नव्हता.

तीच गत जेवणाची. खाण्याची पिशवी झोपायच्या जागेपासून लांब, बारक्या फांदीवर उंच टांगायची, म्हणजे अस्वलाला पोचत नाही आणि वानराला पेलत नाही. साबण आणि टूथपेस्टसुद्धा त्यातच, वासावर जनावर येतं म्हणून. बूट उलटे करून टांगायचे, विंचू शिरू नये म्हणून. इथवर ठीक. पण त्याने स्वतःच्या वाट्याची भाकरीही न खाता पिशवीत घातली. म्हणाला, हाताला वास नको. मी तिथे बसून पोटभर जेवले होते, माझ्या हाताला काय अत्तराचा वास येत होता? हे त्याला बोलून दाखवलं तर तो हसला. हसतोय म्हणजे बरा असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि गाडीत जाऊन झोपले.

सकाळी वर गेले तर पिशवी शाबूत. वानर नाही, अस्वल नाही. त्याच्या बुटाची नाडी मात्र एक शेळी चघळत होती. शेळीचा विचार कुठल्याच व्हिडिओत नव्हता. भाऊ झोळीत डोळे मिटून पडला होता, ताडपत्रीखाली, हनुवटीपर्यंत चादर ओढून. मी उशाशी दगडावर बसले, उठवावं की नाही या विचारात. तेवढ्यात शेळीमागे एक बाई आली. माझ्याशी तिच्या बोलीत काहीतरी बोलली. मला कळलं नाही, म्हणून मी नुसती हसले. तिने भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेळी तिथेच सोडून चढावर पळत गेली.

मला वाटलं, झालं. झाडं कोणाची तरी असणार, विचारल्याशिवाय दोऱ्या बांधल्या, आता भांडण. थोड्या वेळाने माणसं उतरू लागली. दोन म्हातारे आणि चार बाया. जवान माणूस एकही नाही, ते सगळे दिवाळी होताच ऊसतोडीला गेलेले. म्हाताऱ्यांच्या खांद्यावर एक जाडजूड बांबू होता. तो आम्हाला हाणायलाच आणलाय, असं मी धरून चालले. पण ते आले आणि गुपचूप झोळीभोवती बसले. कोणी रागावलं नाही, काही मागितलं नाही. एका बाईने पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवला. मी जास्तच घाबरले.

एक म्हातारा ऊसतोडीला आमच्याकडे खाली येऊन गेलेला असावा. तो अहिराणीत बोलला. "कोठला पेशंट शे, बाई?"

"पेशंट नही शे. मन्हा भाऊ शे."

"मंग झोळीमा कसाले शे?"

तेव्हा कुठे मला उलगडलं. त्यांच्या पाड्यांना गाडी पोचत नाही. आजारी माणसाला झोळीत घालतात, झोळी बांबूला अडकवतात आणि खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. झोळी ज्या पाड्याशी येईल, त्या पाड्याने खांदा द्यायचा. इथे झोळी झाडाला टांगलेली, वर आडोसा केलेला, शेजारी एकटी बाई. आमची माणसं आम्हाला अर्ध्या वाटेत टाकून गेली, असंच त्यांनी धरलं. धडधाकट माणूस हौसेने झोळीत निजतो, हे त्यांना कुठल्या शब्दांत सांगावं? मी हातवारे करत राहिले. मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. भावाने आता टुणकन उठावं आणि मी बरा शे म्हणावं, एवढीच मी वाट पाहत होते.

म्हाताऱ्याने वाकून त्याच्या कपाळाला हात लावला. "दुखी ऱ्हायनं का, भाऊ?"

भावाने डोळे उघडले.

"दुखी ऱ्हायनं," तो म्हणाला. "दिवाईना आगोदरपाईन. आते त उठाई नही ऱ्हायनं."

दिवाळीच्या आधीपासून दुखत होतं, आणि आता उठवतही नव्हतं. म्हाताऱ्यांनी दोऱ्या सोडून झोळी बांबूला कधी बांधली, मला कळलंही नाही. एका बाईने ताडपत्री काढली आणि घडी करून त्याच्या अंगावर घातली. उतारावर दर थोड्या अंतराने खांदे बदलत होते, बायांचेसुद्धा. मी मागून चालत होते आणि मला भयंकर राग येत होता. आई, बायको, बहीण, सगळ्या विचारून थकलो. आणि याने सांगितलं कोणाला, तर आत्ताच भेटलेल्या माणसाला.

मागच्या सीटवर त्याला निजवल्यावर मी विचारलंच, "मले कसाले नही सांगं रे?"

"तुम्ही समदा 'बरा शे ना' असंच इचारतस," तो म्हणाला. "मंग मी काय सांगू?"

म्हातारा दार धरून उभा होता. त्याला अजून एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती, त्याशिवाय तो हलणार नव्हता.

"पुढे खांद्याले कोन शे?"

"मी शे," म्हटलं, आणि गाडी सुरतेच्या रस्त्याला घातली.