नानासाहेबांची दुपार

मुलांनो, क्षणभर माझ्याबरोबर चला. समजा, तुमच्या गावात दुपारी एकचा भोंगा वाजतो आणि त्याबरोबर सगळं गाव गप्प होतं. भाजीवाली आपली हाक अर्ध्यावर गिळते. पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबतो. हातात चेंडू असेल तर तो तसाच धरून बसायचं, टप्पा पाडायचा नाही. एखादं बाळ रडलंच तर त्याची आई त्याला उचलून मागच्या खोलीत नेते आणि दार लावून घेते. चारचा भोंगा होईपर्यंत हे असंच. आलं डोळ्यांसमोर? आता आणखी एक समजा. ज्याच्या झोपेसाठी हे सगळं चालतं, तो माणूस मरून गेला आहे.

असं आमचं जांभूळपेठ. तुमचे आईबाबा पाटी घेऊन शाळेत जायचे, तेव्हापासून नानासाहेब हिंगमिरे इथले नगराध्यक्ष. ते दुपारी झोपत आणि झोपेत त्यांना आवाज खपत नसे. आवाज करणाऱ्याला कोणी मारत नसे, शिव्याही देत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा माणूस पाना घेऊन यायचा आणि त्या घरचा नळ तोडून जायचा. एवढंच. पुढे नानासाहेब निवडणुकीत पडले. नवे नगराध्यक्ष आले, ते आधी नानासाहेबांच्या पाया पडून आले आणि भोंगा त्यांनी तसाच ठेवला. मग नानासाहेब वारले. त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत एकचा भोंगा झाला, तेव्हा लोकांनी पापड मोडायचे थांबवले. मी होते त्या पंगतीत. माझाही पापड पानात तसाच राहिला.

आत्ताही दुपार आहे. मी ओसरीवर आरामखुर्चीत पडले आहे आणि समोर चटईवर उभी राहून पौर्णिमा लोहकरे तिचं भाषण म्हणते आहे. कुजबुजत. पौर्णिमा पाचवीत आहे. सकाळी शाळा, चारनंतर आईच्या वड्याच्या गाडीवर मदत. मधली दुपार तेवढी तिची असते. त्यामुळे मी तिला जे काही शिकवलं ते कुजबुजतच शिकवलं. उच्चार स्वच्छ आहेत, कुठे थांबायचं ते तिला कळतं. पण तिचा आवाज कसा आहे, ते मला माहीत नाही. बहुतेक तिलाही माहीत नाही.

उद्या तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा आहे. शाळेतले कुंभोजे सर काल तिला म्हणाले, "पोरी, तिथे माईक नसतो. उद्या संध्याकाळी सहाला हॉलमध्ये मी शेवटच्या बाकावर बसतो. मला ऐकू आलं तर परवा तू. नाही तर इनामदारांचा मुलगा." म्हणजे आज सहाला. आणि स्पर्धा उद्या.

"बाई, पुन्हा म्हणू?" ती ओठांनीच विचारते.

"म्हण," मी ओठांनीच सांगते.

ती पहिल्यापासून सुरू करते. तिचे शब्द चटईवरून निघतात आणि माझ्यापर्यंत येता येता विरतात. पंखा फिरतो. माझ्या पापण्या जड होतात. 'सन्माननीय परीक्षक' एवढं मला ऐकू येतं, आणि बघते तर चटईवर परीक्षक बसले आहेत. पांढरंशुभ्र धोतर, मांडी घातलेली, टोपी गुडघ्यावर.

"या बाई, बसा," नानासाहेब म्हणतात. माझ्याच घरात मला बसा म्हणतात. सवय.

"तुम्ही वारलात," मी म्हणते.

"हो. गर्दी होती का बरी?"

"सगळी दुकानं बंद होती."

"आपणहून?"

"ते तुमच्या बाबतीत कधी कोणाला कळलंय का?"

ते खूष होऊन हसतात. हसताना त्यांचे खांदे हलतात, आवाज येत नाही.

आता आम्ही तांबट आळीतून चालतो आहोत. ओसरी कुठे गेली ते मी विचारत नाही. ही आळी खरं तर कधीचीच ओस पडली आहे. तांबं हळू ठोकता येत नाही, म्हणून तांबट एकेक करून गाव सोडून गेले. पण आत्ता दारादारांत हंडे टांगलेले आहेत आणि धोंडीबा तांबट त्याच्या उंबऱ्याशी बसला आहे. तो हातोडा उचलतो, जोरात खाली आणतो, आणि हातोडा तांब्याला टेकायच्या आधी हवेत थांबतो. पुन्हा उचलतो. हंडा काही आकार घेत नाही.

"याचा नळ मी तोडला होता," नानासाहेब सांगतात. "गावाला हंडे करून देणारा माणूस, आणि घरात घोटभर पाणी नाही. हसा की बाई. तुम्ही मास्तरणी लोक फार गंभीर."

"त्याची बायको भर उन्हात नदीवर जायची, नानासाहेब. पोटुशी होती."

"मी कुठे सांगितलं होतं जा म्हणून? शेजारी होते की. शेजाऱ्यांनी द्यायचं पाणी."

"शेजाऱ्यांना तुमची भीती होती."

"मग शेजाऱ्यांना विचारा."

मी वळून शेजाऱ्यांची दारं बघते, तर ती आळी नाहीच. मी नानासाहेबांच्या माडीवर उभी आहे. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणी न पाहिलेली ती खोली. मोठा शिसवी पलंग आहे. त्यावरच्या चादरीला एकसुद्धा सुरकुती नाही. उशी नुकतीच दुकानातून आणल्यासारखी फुगलेली.

"इथे कोणी झोपलेलं दिसत नाही," मी म्हणते.

"नाहीच. मला दुपारी झोप कधी लागलीच नाही." ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवतात. तिचं कापड बसून बसून फाटलेलं आहे. "मी तिथे बसायचो. पडद्याआड. ऐकत. कुठे वाजलं, कोणाकडे वाजलं."

"मग झोपेचं सोंग कशाला?"

"तुम्ही शाळा चालवलीत आणि एवढं कळलं नाही?" ते मला समजावून सांगतात, मी जशी तुम्हाला सांगते तसंच, हळूहळू, प्रेमानं. "जागा माणूस असला तर लोक येतात, भांडतात, अर्ज देतात. झोपलेल्याशी काय भांडणार? त्याची झोप मोडू नये म्हणून लोक आपापल्या घरात एकमेकांनाच गप्प करतात. बाप पोराला, सासू सुनेला. मला बोटही उचलावं लागत नाही. त्यातून मी मेलो. मेलेल्या माणसाची झोप तर फारच जपावी लागते."

"भोंगा बंद करायला सांगा," मी म्हणते. "माझ्याकडे एक मुलगी येते. तिला मोठ्यानं बोलायला एकही तास मिळाला नाही अजून. आज सहा वाजता तिला तिचा आवाज लागणार आहे."

"मी कसं सांगू? मी साधा नगरसेवकही नाही आता. अर्ज करा नगरपालिकेत."

"नानासाहेब!"

"नाही तर तुम्हीच सांगा ना. ही खिडकी उघडी आहे. ओरडून सांगा गावाला, नाना मेला, उठा. मी काही तुमचा नळ तोडायला येत नाही."

मी खिडकीशी जाते. खाली सगळं जांभूळपेठ उन्हात पडलेलं आहे, छपरं, पाण्याची टाकी, बाजारपेठ. मी तोंड उघडते. पोटातून जोर लावते. आणि बाहेर येते ती कुजबूज. पौर्णिमाला शिकवते ना, अगदी तशी. स्वच्छ उच्चारांची.

"बघा," नानासाहेब मागून म्हणतात. "मेलेल्याच्या घरातसुद्धा तुम्ही हळूच बोलताय. लोक म्हणतात, नानानं जाताना सगळं नेलं. मी काय नेलं हो? खुर्ची नेली नाही, तिजोरी नेली नाही. जे होतं ते तुमच्याकडेच ठेवून गेलो."

ते कानाच्या पाळीमागून अत्तराचा फाया काढतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. त्यांची बोटं गार आहेत. माझी मूठ ते स्वतःच मिटतात.

"धरा. मला आता वास येत नाही."

"बाई! बाई!" कोणीतरी माझा पदर ओढतं आहे. "बाई, हळू घोरा. आवाज बाहेर जातोय."

मी डोळे उघडते. ओसरी आहे, पंखा आहे. पौर्णिमा माझ्यावर वाकली आहे आणि तिच्या चेहऱ्यावर खरी भीती आहे. जो माणूस तिनं नीट पाहिलाही नाही, त्याची.

माझी मूठ घट्ट मिटलेली आहे. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. आत कापसाचा फाया आहे, ओलसर. हिन्याचा वास ओसरीभर पसरतो. माझ्या घरात अत्तर कधीच नव्हतं.

"कसला वास आहे हो, बाई?"

"नानासाहेबांचा."

ती नाक पुढे करते आणि लगेच मागे घेते. "ते आहेत अजून?"

"नाहीत. आणि ते दुपारी झोपतही नव्हते कधी."

पौर्णिमा यावर विचार करते. मुलं विचार करताना जशी एका पायावर उभी राहतात तशी ती उभी आहे.

"मग आपण कोणाला झोपू देतोय?" ती विचारते.

मुलांनो, ती चटईवर जाऊन ताठ उभी राहते, हात बाजूला सोडते आणि म्हणते, "सन्माननीय परीक्षक, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो!"

मोठ्यानं. तिचा आवाज घोगरा आहे, मध्येच चिरकतो, आणि तिचं वय आहे त्यापेक्षा मोठा आहे. समोरच्या पाटणकरांची खिडकी धाडकन लागते. पलीकडे आणखी एक लागते. कुठल्यातरी माडीवरून लांबलचक "शूऽऽ" येतं. आणि मला दिसतं, की माझाच हात, तो फाया धरलेला, तिच्या तोंडावर ठेवायला निघाला आहे. मी त्याला थांबायला सांगते. तो थांबत नाही.

पौर्णिमा माझ्या हाताकडे बघते. मग ती खाली वाकते, हाताखालून निसटते, अनवाणी पायांनी पायऱ्या उतरून तापलेल्या रस्त्याच्या मधोमध जाते आणि पुढचं वाक्य म्हणते: "माझी आई एसटी स्टँडवर वडे तळते, आणि तिला ओरडूनच बोलावं लागतं!"