एकशे सहा ताप

माझी धाकटी बहीण खोटं बोलायची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे. ती फक्त वाढवून सांगायची. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत नळावर दोन बायकांची बाचाबाची झाली, की ही म्हणणार, "एवढं भांडण झालं, एवढं, की लेण्यांतले देव उठून बघायला आले." चाळीतला उंदीर हिच्या तोंडी इतका मोठा, की मांजर त्याला अहो-जाहो करायची. ऐकणारे पोट धरून हसायचे. त्याच नळावर, तेच भांडण मीही बघितलेलं असायचं. मी सांगायला तोंड उघडलं, की आई म्हणायची, "बरं बरं, तांदूळ धू आता."

मी सातवीत होते, ती पाचवीत. आमच्या वर्गात अतिशयोक्ती अलंकार शिकवला तेव्हा व्याख्या मला काना-मात्रेसकट पाठ होती. बाई म्हणाल्या, आता तुझ्या मनचं एक उदाहरण दे. मी उभी राहिले ती उभीच राहिले. अलंकार शिकवला मला आणि घालून मिरवायची ती. जळायचे मी. लपवून काय करू?

ऐंशीनंतरची ती वर्षं. गिरणी बंद पडली होती आणि बाबा गावी शेती बघायला मालवणकडे जाऊन राहिले होते. आई परळला एका खानावळीत पोळ्या लाटायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून दर शनिवारी बाबांना निळं इनलँड पाठवायचं काम आम्हां दोघींकडे. एक शनिवार तिचा, एक माझा. मी लिहायचे: नळाला सकाळी वीस मिनिटं पाणी येतं. रॉकेल मिळालं. गणितात चौसष्ट मार्क पडले. बाकी सर्व ठीक.

मे महिन्यात गावी गेलो. संध्याकाळी खळ्यात वाडीतली माणसं जमली आणि बाबांनी पत्र्याच्या डब्यातून आमची पत्रं काढली. त्यातली निवडून धाकटीचीच वाचली. घडीघडीवर विरलेली, हळदीचे डाग पडलेली. ऐकणाऱ्यांना ती पाठ होती, उंदराचं नाव निघायच्या आधीच हसू फुटत होतं. माझी पत्रं खाली होती. एकदा उघडून परत मिटलेली, अगदी कोरी करकरीत. बाबा मोठमोठ्याने हसत होते. मी उठून विहिरीवर गेले आणि उगाच पाय धूत बसले.

त्याच वेळी ठरवलं. आपलंही एक पत्र खळ्यात वाचलं गेलंच पाहिजे.

जुलैत आईला ताप आला. दोन दिवसांचा साधा ताप, तिसऱ्या दिवशी ती कामावर गेलीसुद्धा. शनिवार माझा होता. मी दार लोटून बसले आणि लिहिलं: आई तापाने फणफणली आहे. अंगावर भाकरी भाजून निघेल. चार दिवस तिने डोळे उघडलेले नाहीत. ताप एकशे सहा आहे. डॉक्टरांनी हात टेकले. चाळीतले सगळे दारात जमले आहेत. बाकी सर्व ठीक.

माझा बावळटपणा बघा. धाकटीनं लिहिलं असतं, थर्मामीटर फुटला. मी फुगवतानाही आकडा घातला. पत्र पेटीत टाकलं आणि आठवडाभर मनातल्या मनात बाबांचं हसू ऐकत होते.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बाबा चाळीच्या जिन्यावर दिसले. हातात पिशवी नाही, दाढी वाढलेली, पँटला घोट्यांपाशी वाळलेला चिखल. आईची त्या दिवशी सुट्टी होती. ती गॅलरीत बसून सुकट निवडत होती. "अगो बाई, तुमी?" म्हणून उठायला लागली, तोवर बाबांनी वाकून तिच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. सगळ्या चाळीसमोर. एरवी ते चारचौघांत तिच्याशी धड बोलायचेसुद्धा नाहीत. मग ते तिथेच, सुकटीच्या सुपाशेजारी, मटकन बसले.

"लावणी अर्धी टाकून इलंय," ते म्हणाले आणि खिशातून इनलँड काढलं.

आईनं ते धाकटीच्या हातात दिलं. "वाच." गॅलरीत माणसं जमली होती. धाकटीनं माझं पत्र मोठ्यानं वाचलं. घडीवर विरलं होतं, घामानं शाई उतरली होती, दोन ठिकाणी तिला अडखळायला झालं. भाकरी आली तेव्हा कुणी हसलं नाही. शेवटच्या 'बाकी सर्व ठीक'लाही नाही.

आईचा हात उठला. बाबांनी तो धरला. "मारू नको. हिच्या पत्रात कधी इकडचा तिकडे नसता. म्हणान सगळा टाकून इलंय."

मी खालमानेनं उभी राहिले. इतकी वर्षं बाबा माझी पत्रं एकदाच उघडायचे, कारण त्यांना ती दुसऱ्यांदा तपासावी लागत नव्हती. हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा परत गेले. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, सुटले.

पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. लावणी उशिरा का होईना, शेजाऱ्यांनी पुरी करून दिली, गाय व्याली, पाऊस बरा आहे. आणि शेवटी एक ओळ: यापुढे आईच्या तब्येतीचं धाकटीला लिहायला सांगा.

धाकटीनं लगेच इनलँड घेतलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. आता लिहील, आई इतकी धडधाकट आहे की डोंगर उचलते. तिनं लिहिलं: आई बरी आहे. पुढे काही जोडलं नाही. जीभ लावून घडी चिकटवली आणि पत्र माझ्याकडे देऊन म्हणाली, "पेटीत टाकून ये गं."

तिचे उंदीर, तिची मांजरं, लेण्यांतले देव, सगळ्याचा मी हेवा केला. पण त्या तीन शब्दांचा केला तेवढा कशाचाच नाही. ते माझे होते.