उपाशीपोटी मशीनवर नको

समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, बोटं पसरायची आणि ती थरथरतात का ते बघायचं, ही मावशींची सवय. "थरथरतंय गो. उपाशी आलीस." विचारायच्या नाहीत, सांगायच्या. मग डब्यातली तांदळाची भाकरी मोडून, त्यावर मोडाची मटकी घालून तुमच्या हातावर ठेवायच्या. "आधी हे खा. मग मशीनला हात लाव."

आनंदनगरच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या झाकणांच्या कारखान्यात मावशी आणि आम्ही मशीनवर कामाला. पहिली पाळी सातची. मी बेलवलीहून निघायची ती नुसत्या चहावर. सकाळी घशाखाली काही उतरत नाही, असं मला वाटायचं. तुमच्याही ओळखीत अशा बायका असतील. सगळ्यांचे डबे भरतात आणि स्वतः चहा पिऊन पळतात. दहाच्या सुमाराला डोळ्यांपुढे अंधारी यायची, आम्ही एकमेकींवर खेकसायचो. मावशींची भाकरी पोटात जायला लागली आणि ते थांबलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोकं जागेवर राहायचं.

सुपरवायझर ओरडायचा, "मावशी, ये कँटीन है क्या?"

"चक्कर येऊन पडली कोण, तर तू उचलशील काय रे?"

तो हसायचा. आम्हीही हसायचो. एकीनं त्यांना 'डॉक्टरीणबाई' नाव ठेवलं होतं.

मग एक दिवस मावशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या रिकाम्या हातानं. सुट्टीत नळापाशी तोंड धुतायत असं वाटलं, म्हणून मी जवळ गेले. रडत होत्या.

"माझी पोर खात नाय गो. काल न्हाणीत पडली. डॉक्टर म्हणतो, अंगात रक्तच नाय."

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांची मुलगी दुसऱ्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होती. एका सकाळी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. पोरगी भाकरीसाठी थांबली होती. मावशी रागात म्हणाल्या, "एक दिवस उपाशी गेलीस तर मरत नाहीस." ती तशीच गेली. प्रेसवर घेरी आली आणि उजव्या हाताची बोटं गेली. तेव्हापासून आईनं पुढं केलेलं ताट ती बाजूला सारायची. शेजारणीनं दिलेल्यातलं दुपारी थोडं चिवडायची, तेवढंच.

"जगाच्या पोरी माझ्या हातचं खातात," मावशी म्हणाल्या. "हिच्या मी रोज पाया पडते."

त्या रविवारी सकाळी मी चामटोलीला त्यांच्या घरी गेले. मावशी आतल्या खोलीच्या बंद दाराशी बसल्या होत्या. मांडीवर वाटी.

"नाचणीची आंबील केलीय बाय. पातळ आहे. चमच्यानं पी."

आतून आवाज आला, "तू तुझ्या कारखान्यातल्या पोरींनाच भरव."

मावशींनी दाराला कपाळ टेकलं. मी तिथं आहे याचं त्यांना भान नव्हतं. "मीच बोलले ते. मरत नाहीस, असं माझ्याच तोंडातनं गेलं. आता खरंच मरायला लागलीस गो. मला शिव्या दे, मार मला. पण खाऊन मार."

मला वाटलं, आपण निघावं. मग दारापलीकडून अगदी बारीक आवाजात आलं, "डाव्या हातानं सांडतं. तू बघतेस आणि रडतेस."

इतके दिवस त्यांना तो राग वाटत होता.

"सांडू दे. मी नाय बघत."

दार थोडं उघडलं. वाटी आत गेली. मावशी अंगणाकडे तोंड करून बसल्या. आत चमचा पडला. त्या उठायला गेल्या, तसा मीच त्यांचा खांदा धरला. पुन्हा चमचा वाटीवर वाजला. मावशींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुपारची पाळी मागितली. सकाळी घरी असायला हवं, म्हणून हात जोडले. कंत्राटावरच्या बाईसाठी कोण पाळी बदलतं? त्यांनी काम सोडलं. त्यांच्या मशीनवर आता दुसरी बाई आहे.

परवा सकाळी पाळीला जाताना मी फोन केला. मावशींनी उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "नंतर बोल गो. ती खातेय."